भावोजींची छाती

मित्रांनो, मी एक पुतळा आहे, पण चौकातला नव्हे. चौकातल्या पुतळ्याला निदान चौथरा तरी असतो. मला पायसुद्धा नाहीत. डोकं, मान, छाती आणि कमरेपर्यंतचं धड, एवढाच मी. वरून रबराची कातडी, आत जाड स्प्रिंग आणि तोंड कायमचं उघडं. एखाद्या माणसाचं हृदय अचानक थांबलं तर मदत येईपर्यंत त्याची छाती कशी दाबत राहायची, हे माझ्यावर शिकायचं असतं. म्हणजे माझा जन्मच दाबून घेण्यासाठी झाला आहे. आणि माझी सगळी तक्रार अशी, की मला कोणी दाबतच नव्हतं.

कारखान्यातले दिवस आठवले की अजून बरं वाटतं. तिथे तपासणीला एक धिप्पाड बाई होत्या. प्रत्येक पुतळ्यापाशी गुडघे टेकून बसायच्या, तळहातावर तळहात ठेवायच्या, कोपरं ताठ करायच्या आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबायच्या. छाती दोन इंच खाली गेली की माझ्या आतून टक् असा आवाज येतो. मला बोलता येत नाही, मान हलवता येत नाही. शिकणाऱ्याला मी एवढंच सांगू शकतो, की बरोबर आहे, असंच दाब. आवाज आला नाही तर दाब कमी पडला असं समजायचं. इतकी साधी भाषा आहे माझी, पण ती समजायलाही माणसाने आधी दाबायला हवं ना.

तिथून टेंपोत बसून मी कर्जतच्या एका कॉलेजात आलो. तिथे क्रीडा-उपचाराचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. मैदानाच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहणारी मुलं-मुली तिथे तयार व्हायची होती. मुरगळलेला घोटा बांधायचा, निखळलेला खांदा सांभाळायचा, उन्हाने चक्कर आलेल्याला सावलीत न्यायचं, आणि वेळ आलीच तर कोणाची तरी छाती दाबायची. माझ्या खोक्यापुढे नारळ फुटला. थर्माकोलबरोबर माझ्या माहितीचा कागदही कचऱ्यात गेला. विभागप्रमुख योगेंद्र सरांनी मला प्रेमाने न्याहाळलं आणि हुकूम सोडला, की वरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, महागाची वस्तू आहे. मग मला लोखंडी कपाटात ठेवलं. शेजारी हवा गेलेले व्हॉलीबॉल होते. किल्ली सरांच्या खिशात गेली.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मी सन्मानाने बाहेर यायचो. भाला, थाळी, गोळा आणि मी, असे ओळीने मांडलेले असायचो. कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मुलं वाकून नमस्कार करायची आणि माझे पाय न सापडल्यामुळे टेबलालाच हात लावून जायची. उघड्या छातीचा पुरुष म्हणून मुली लाजायच्या, तेव्हा मला कॉलेजची जर्सी चढवली गेली. कोणीतरी पेनाने मिशी काढली आणि माझं नाव भावोजी पडलं. सगळे माझ्याशी लाडाने वागत होते. त्या लाडाचा मला मनापासून वीट आला होता.

योगेंद्र सरांना मी वाईट म्हणणार नाही. पावसात खेळताना एका मुलाचा पाय मोडला, तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेणारा माणूस आहे तो. फळ्यावर लाल-निळ्या खडूने हृदय काढायला लागले की मागच्या बाकावरची कुजबूजसुद्धा थांबायची. पण शिकवणं म्हणजे सांगणं, असं त्यांच्या सरांनी त्यांना शिकवलं होतं. ‘छाती साधारण दोन इंच खाली दाबावी,’ हे वाक्य ते सावकाश, दोनदा सांगायचे. मुलं ते लिहून घ्यायची, पाठ करायची, पेपरात जसंच्या तसं लिहायची. दोन इंच म्हणजे हाताला नेमके किती, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझं प्लॅस्टिक वर सरकवलं गेलं. मुलं रांगेने येत होती, जर्सीवर हात ठेवून पायऱ्या तोंडाने म्हणत होती, सर ‘पुढचा’ म्हणत होते. मग आरोही आली. कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतली ही मुलगी, कबड्डीत कोपरा सांभाळणारी, हातात चांगली ताकद असलेली. तिने गुडघे टेकले, कोपरं ताठ केली आणि मला असं दाबलं, की मला कारखान्यातल्या बाई आठवल्या. माझ्या आतून खणखणीत टक् वाजलं. कर्जतला आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी मला बोलतं केलं होतं.

सर खुर्चीतून ताडकन उठले. ‘मोडलंस ना गं?’

‘नाय सर, मी नुसतं दाबलं,’ आरोही म्हणाली. तिचे हात तिने मागे लपवले होते.

‘ही काय कबड्डी आहे? हलक्या हाताने. कॉलेजची वस्तू आहे ती.’ सरांनी मला उचलून हलवून पाहिलं, कान लावला, आणि बाकीच्यांना बजावलं, की आवाज येता कामा नये.

आवाज येता कामा नये. मित्रांनो, माझ्या तोंडावर हात दाबून धरला असता तरी मला इतकं लागलं नसतं. आरोहीच्या मागे स्वप्नील होता, खालापूरचा, सरळ स्वभावाचा मुलगा. त्याने माझ्या छातीवर असा हात ठेवला, जसा आई ताप आहे का बघायला कपाळावर ठेवते. सर खूश झाले. ‘हे असं,’ म्हणाले. सरांनी आरोहीला पुन्हा रांगेत उभं केलं. या वेळी तिनेही तसाच हात ठेवला. चुकीचं शिकायलाही हुशारी लागते, आणि ती मुलगी हुशार होती.

त्यानंतरच्या वर्षी वरून आदेश आला, की आता शिक्षण क्षमताधिष्ठित होणार. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. तास भरले म्हणून कोणी पुढे जायचं नाही. हाताने करून दाखवता आलं तर पुढे जायचं. नाही आलं तर पुन्हा शिकायचं, पुन्हा करायचं, त्यात कसलीही लाज नाही. कपाटाच्या फटीतून हे ऐकलं आणि मला वाटलं, चला, आता आपले दिवस आले.

कसले दिवस आले. सर त्यासाठीच्या शिबिराला जाऊन आले. तिथे पाहुण्यांचे सत्कार झाले, पडद्यावर चित्रं दाखवली गेली, दुपारी श्रीखंड-पुरी झाली. करून शिकण्याचं महत्त्व सगळ्यांना दिवसभर खुर्चीत बसवून सांगण्यात आलं. सर परत आले ते निश्चिंत होऊन. नवीन काही नाही, आपण करतो तेच आहे, फक्त नाव बदललंय, असं त्यांनी विभागात सांगितलं. त्यांनी एक मोठा तक्ता केला. त्यात प्रत्येक नावापुढे प्रत्येक कौशल्याचा रकाना, आणि रकान्यात ‘येते’ किंवा ‘येत नाही’ लिहायचं. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. एका दुपारात सगळा तक्ता भरून झाला आणि सगळ्यांना सगळं येत होतं. त्या दिवशी गैरहजर असलेल्या रुद्रलासुद्धा येत होतं.

मी तेव्हा कपाटातच होतो. मला कोणी बाहेरही काढलं नव्हतं.

विभागात नम्रता मॅडम नव्याने लागल्या होत्या. कंत्राटी नोकरी, दर जूनला नेमणूक नव्याने मिळायची, त्यामुळे बोलायच्या कमी. दुसरं शिबिर पुण्याला निघालं तेव्हा, आपलं तर झालंय, म्हणून सरांनी त्यांना पाठवलं. हे शिबिर वेगळं निघालं. तिथे शिक्षकांनाच जमिनीवर गुडघे टेकायला लावलं. मॅडमना पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी जमलं. परत आल्यावर साफसफाईचं निमित्त करून त्यांनी किल्ली मागून घेतली, मला फरशीवर आडवं केलं, प्लॅस्टिक काढलं, जर्सी गळ्यापर्यंत वर केली आणि दाबलं. माझा आवाज त्या खोलीत पुन्हा वाजला. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि सरांना बोलावून आणलं.

‘सर, हा मोडल्याचा आवाज नाही. इतकं खोल गेलं तरच तो वाजतो. आपण मुलांना उलटं शिकवलंय.’

मॅडमनी हळूच विचारलं, तुम्ही करून बघता का. सरांनी दाराकडे पाहिलं, बाहेर मुलं उभी होती. तेव्हा मला त्या माणसाची भीती दिसली. त्यांनी आयुष्यात कधी कोणाची छाती दाबली नव्हती. त्यांच्या सरांनी त्यांना कधी दाबायला लावलं नव्हतं. इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर मुलांसमोर गुडघे टेकायचे, आणि जमलं नाही तर?

‘निकाल पाठवून झालाय, मॅडम,’ सर म्हणाले. ‘आता मुलांना परत बोलावून काय सांगायचं? पुढच्या बॅचपासून बघू.’

मॅडमनी मला फरशीवरून उचललं. माझी जर्सी खाली ओढली गेली, प्लॅस्टिक चढलं, कुलूप लागलं. मला त्या दोघांचाही संताप आला. एकाला ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं. आता दोघांना ठाऊक होतं आणि मी तरीही आत होतो.

भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली आणि कशेळ्याला कबड्डीचे सामने लागले. आरोही पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला होती. पंच होते भिवाजीकाका, तिच्याच वाडीतले. लहानपणी तिला पकड कशी टाकायची हे त्यांनीच शिकवलं होतं. पुढचं सगळं आरोहीने सोमवारी आमच्या खोलीत मॅडमना सांगितलं, तेव्हा कपाट उघडं होतं, म्हणून मला कळलं. दुसऱ्या डावात शिट्टी तोंडातच राहिली आणि भिवाजीकाका रेषेवर कोसळले. श्वास नाही, हाक मारली तर ओ नाही. आरोही धावली. कोणालातरी रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं, गुडघे टेकले, हात बरोबर जागेवर ठेवले. सगळ्या पायऱ्या तिला पाठ होत्या. आणि तिने हलक्या हाताने दाबायला सुरुवात केली.

‘जोर लावायचा असं मनात येत होतं, मॅडम,’ ती म्हणाली. ‘पण हात आपोआप हलका पडायचा. वाटायचं, आवाज आला तर काका मोडतील.’

गर्दीत जीपची वाट बघणारी सफिया होती, दवाखान्यात नर्स असलेली. तिला पुढे यायला जागा मिळेपर्यंत काही मिनिटं गेली. तिने आरोहीला खांद्याने बाजूला सारलं. ‘जीव जातोय त्याचा, तू गोंजारत काय बसलीस गं?’ असं म्हणून तिने दाबायला घेतलं, ते रुग्णवाहिका येईपर्यंत थांबली नाही. भिवाजीकाका वाचले.

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. आमच्या विद्यार्थिनीने वाचवले प्राण, आणि खाली आरोहीचा फोटो, सरांचा त्याहून मोठा. सफियाचं नावही नव्हतं. आरोहीला शाल-श्रीफळ मिळालं. खालापूरच्या एका निवासी शाळेने तिला नोकरीसाठी बोलावणं धाडलं. निकालाची प्रत आणायची आणि रुजू व्हायचं, एवढंच बाकी होतं. तिची आई इंदूबाई वाडीभर सांगत सुटली.

आणि मग भिवाजीकाका घरी आले. आरोही त्यांना भेटायला गेली. ते ओट्यावर बसले होते, चेहरा तोच, हसू तेच. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि मायेने विचारलं, ‘तू कोनाची गं पोरी?’

ती तशीच कॉलेजात आली. सर आमच्या खोलीत खंडेनवमीचे फोटो लावत होते, मॅडम बाजूला होत्या. आरोही दारातच थांबली.

‘सर, तक्त्यातलं माझं “येते” खोडा. मला येत नाय.’

सर हसले. अगं, तुझं सगळीकडे कौतुक होतंय, म्हणाले. तिने काकांचं सांगितलं. डोक्याला रक्त पोचलं नाही तर माणसाचं काय काय जातं, हे सरांनीच फळ्यावर छान शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

‘मी त्यांना गोंजारत व्हते सर,’ ती म्हणाली. ‘तुमी शिकवलं तसं.’

मग मॅडमनी, मान खाली घालून, सोमवारी जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं, तो टक् आवाज खरं तर कशाचा होता ते. आरोहीने ऐकून घेतलं. आपल्या तळहातांकडे पाहत ती उभी राहिली. सर म्हणाले, की खोडलं तर निकाल अडकेल, खालापूरची नोकरी जाईल. जाऊ द्या, असं ती म्हणाली.

सरांनी खोडलं. पण कोणाचं, तर फक्त तिचं. बाकी सगळ्यांना येतच राहिलं. ज्या एका मुलीने खरं सांगितलं तेवढीच कॉलेजात नापास ठरली, आणि खालापूरची नोकरी स्वप्नीलला मिळाली. इंदूबाई रागाने कॉलेजात आल्या. ‘समद्यांना येतं, मंग माझ्याच पोरीला कसं नाय येत?’ असं त्यांनी विचारलं. त्यांनी पाणी पुढे केलं, ते इंदूबाईंनी घेतलं नाही. कपाटात पडल्या पडल्या मला इतकी चीड आली, की छातीतली स्प्रिंग आपोआप सुटेल असं वाटलं.

आता किल्ली नम्रता मॅडमकडे असते. ती त्यांनी मागितली नाही, सरांच्या टेबलावरून त्यांच्यादेखत उचलली. दुपारी आरोही येते. जर्सी काढून फेकली आहे, प्लॅस्टिकचा पत्ता नाही. गळ्याशी माझी कातडी फाटली आहे आणि मिशी घामाने पुसली गेली आहे. ती दमेपर्यंत दाबते, दमली तरी दाबते, कारण खऱ्या माणसाचं मरण आपण दमलो म्हणून थांबत नसतं. मॅडमनी तिच्या नावापुढे पुन्हा ‘येते’ लिहिलं, तेव्हा नोकरी गेलेली होती आणि भिवाजीकाका तिला रोज नव्याने नाव विचारत होते. हे सगळं आधी करता आलं असतं. कपाट तिथेच होतं, मी तिथेच होतो.

परवा एक गोष्ट घडली. स्वप्नील सुट्टीवर आला होता, शाळेचा टी-शर्ट अंगात, गळ्यात शिट्टी. सगळ्यांना वाटलं, पेढे घेऊन आला. तो थेट आमच्या खोलीत आला आणि आरोहीपुढे उभा राहिला. नोकरी त्याने घेतली होती, त्यामुळे तिच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

‘शाळेतली समदी पोरं रोज माझ्या भरवशावर मैदानात सोडतात गं,’ तो म्हणाला. ‘मला भ्या वाटतं. तू दाखव ना.’

आरोहीने नाही म्हटलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. तिने त्याला गुडघे टेकायला सांगितलं, त्याच्या हातांवर आपले हात ठेवले आणि त्याच्यासकट मला दाबलं.

योगेंद्र सर दारात उभे होते. ते असे बऱ्याचदा उभे राहतात आणि निघून जातात. स्वप्नील त्यांना पाहून गडबडीने उठायला लागला. सरांनी त्याला हातानेच खाली बसवलं. मग त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढली आणि त्याच्या मागे रांगेत बसले. आरोहीला म्हणाले, ‘याचं झालं की मला दाखव.’

मला आनंद झाला का, असं विचाराल तर झाला. पण राग गेला का, तर नाही. तो आनंद उशिरा आला, आणि त्या उशिराची किंमत माझ्या छातीने नाही, दुसऱ्याच कोणाच्यातरी डोक्याने मोजली.

तर मित्रांनो, पुस्तकं, झाडं, पाणी जपा, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मी उलटं सांगतो. मला जपू नका. पुसून ठेवू नका, हार घालू नका, कपाटात तर अजिबात ठेवू नका. तुमच्या शाळेत माझा कोणी भाऊबंद असेल, तर शिकवणाऱ्यांना त्याच्यावर आधी हात ठेवायला लावा आणि मग तुम्ही ठेवा. जमेपर्यंत दाबा. मी फाटलो तर कारखान्यातून दुसरा आणता येतो. भिवाजीकाकांनी आरोहीला ज्या नावाने हाक मारली असती, ते नाव कुठूनही आणता येत नाही.